आरमधले बॅकग्राउंड जॉब्स आले कुठून?

आर या आकडेवारीसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत मोठं मॉडेल चालू केलं की कन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) अडकतो, ते संपेपर्यंत साधं दोन अधिक दोनसुद्धा करता येत नाही. कारण आरचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड वाचून चालवणारा भाग, एका वेळी एकच काम करतो. ९० च्या दशकात ऑकलंडला रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर लिहायला घेतलं तेव्हापासून हे असंच आहे, आणि पुढे जे जे उपाय निघाले ते बहुतेक एकाच युक्तीवर उभे आहेत: आरची दुसरी प्रोसेस, म्हणजे आणखी एक स्वतंत्र आर, चालू करा आणि काम तिच्याकडे ढकला. ढकलणं सोपं असतं हो, उत्तर परत आणायचं कसं हीच खरी कटकट.

सुरुवातीला युनिक्सवाल्यांचा मार्ग होता. आधी नोहप, मग स्क्रिप्ट चालवणारी आर सीएमडी बॅच ही आज्ञा आणि शेवटी अँपरसँड (&), की टर्मिनल बंद केलं तरी काम चालू. आउटपुट डॉट आरआउट फाइलमध्ये पडायचं, कोड आणि उत्तर एकाखाली एक. पण या बॅचची एक खोड अशी की डिफॉल्टने ते फोल्डरमधला जुना वर्कस्पेस (मागे सेव्ह केलेली ऑब्जेक्ट्स) उचलतं आणि संपताना परत सेव्हही करतं, म्हणजे कधीतरी बनवलेलं एखादं ऑब्जेक्ट गुपचूप आत येऊन बसतं आणि स्क्रिप्ट चालते ती त्याच्या जिवावर. २००७ मध्ये आर २.५.० बरोबर आरस्क्रिप्ट हे स्क्रिप्ट चालवायचं नवं साधन आलं, ते वर्कस्पेसच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे पुष्कळ लोक तिकडे वळले. तरी ऑब्जेक्ट हवं असेल तर ते फाइलमध्ये लिहा आणि नंतर वाचा, हे काही सुटलं नाही.

मग एकापेक्षा जास्त कोअरची मशीन्स सगळीकडे आली. ल्यूक टियर्नी आणि मंडळींचं स्नो हे पॅकेज (आरला जोडायचा तयार कोड) वेगळ्या आर प्रोसेस उभ्या करून त्यांना डेटा पाठवायचं, सायमन उर्बानेकचं मल्टिकोअर सरळ फोर्क करायचं, म्हणजे चालू सेशनचीच प्रत निघते आणि डेटा पाठवायची गरजच नाही. २०११ मध्ये आर २.१४.० मध्ये दोन्हींचा बराचसा भाग पॅरलल या पॅकेजात आला. यातलं एमसीपॅरलल आणि एमसीकलेक्ट म्हणजे खरे बॅकग्राउंड जॉब्सच, आत्ता सोडा आणि उत्तर नंतर उचला. पण विंडोजवर फोर्क नाही, आणि जीयूआयच्या (खिडक्या-बटणांच्या प्रोग्रामच्या) आत फोर्क करू नका असं डॉक्युमेंटेशनच बजावतं, म्हणजे आरस्टुडिओ या आरसाठीच्या एडिटरवाल्यांना याचा उपयोग जवळपास नाहीच.

२०१५ मध्ये हेन्रिक बेंग्टसनचं फ्युचर हे पॅकेज आलं, त्यात काम कुठे चालेल ते प्लॅन या फंक्शनने एकदा सांगायचं आणि कोड तोच ठेवायचा, लागणारे व्हेरिएबल्स ते स्वतः शोधून पाठवतं. माझ्या मते या सगळ्यात डोकं लावून केलेली गोष्ट हीच. कॉलआर या पॅकेजमधलं आर बीजी त्यापेक्षा साधं, एक फंक्शन घेतं आणि नव्या सेशनमध्ये चालवतं.

आरस्टुडिओमध्ये जॉब्सचा पॅनल यायला मात्र २०१९ उजाडलं, आवृत्ती १.२. स्क्रिप्ट निवडा, ग्लोबल एन्व्हायर्नमेंटची (चालू सेशनमधल्या ऑब्जेक्ट्सची) कॉपी द्यायची का ते सांगा, रिझल्ट्स कुठे टाकायचे ते सांगा, झालं. बॅचवाल्यांना जे फाइलींमधून करावं लागायचं ते इथे एक चेकबॉक्स आणि एक ड्रॉपडाउन यांत आटपतं. फक्त लोकल जॉब ही मुख्य सेशनचीच चाइल्ड प्रोसेस असते, ते सेशन बंद झालं की जॉबही बंद, त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या कामाला लोक अजूनही सर्व्हरवर नोहप आणि आरस्क्रिप्टच लावतात.