स्तनकर्करोगातील आरंभीचे जनुकीय बदल

गाठ हाताला लागण्याच्या कितीतरी आधी, दुग्धनलिकेच्या टोकाशी असलेल्या खंडिकांतील पेशींत होणारे गुणसूत्रांचे व जनुकांचे बदल. येथे ‘जनुकीय’ म्हणजे ‘आनुवंशिक’ नव्हे. पुण्याच्या ओपीडीत ‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही’ हे वाक्य नेहमीचे आहे. पण आईवडिलांकडून आलेला दोष साधारण ५ ते १० टक्के रुग्णांतच सापडतो. बीआरसीए-१ (१७ वे गुणसूत्र, स्थाननिश्चिती १९९०, जनुक हाती १९९४) व बीआरसीए-२ (१३ वे, १९९५) ही त्यांतील परिचित जनुके.

साधी पेशीवाढ, विषम पेशीवाढ, नलिकेत बंदिस्त कर्करोग (डीसीआयएस) व शेवटी आक्रमक गाठ, अशी एकच शिडी पूर्वी मानली जाई. आता किमान दोन वाटा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सौम्य प्रतीच्या (म्हणजे पेशी फारशा न बिघडलेल्या) वाटेवर १ल्या गुणसूत्राच्या लांब भुजेची जादा नक्कल येते आणि १६ व्याची लांब भुजा गळते. बऱ्याचदा ही दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली जाऊन दोन्ही गोष्टी एका फटक्यात होतात. तीव्र प्रतीच्या वाटेवर १६ व्याची ही हानी कमी आढळते. तेथे टीपी-५३ या पेशीवाढीला लगाम घालणाऱ्या जनुकातील उत्परिवर्तन व हर-२ या पेशीवाढीला चालना देणाऱ्या जनुकाच्या जादा नकला जास्त दिसतात. पीआयके-३सीए या पेशीवाढीच्याच आणखी एका जनुकातील उत्परिवर्तन तर निरुपद्रवी पेशीवाढीतही सापडते, त्यामुळे त्याला एकट्याला दोषी धरता येत नाही.

कालनिर्णय वादाचा आहे. क्योटो येथील संशोधकांनी २०२३ मध्ये १–१६ जोडणीचा काळ वयात येण्यापासून किशोरवयाच्या अखेरीपर्यंतचा, म्हणजे निदानाच्या काही दशके आधीचा, असल्याचा अंदाज मांडला. तो मोजक्या रुग्णांच्या ऊतकांवरून काढलेला असल्याने जपूनच घ्यावा. डीसीआयएसनंतर त्याच स्तनात उद्भवलेल्या आक्रमक गाठींपैकी सुमारे ७५ टक्के मूळ पेशीवंशातल्या, तर १८ टक्के नव्याने उपजलेल्या, असे २०२२ मधील एका अभ्यासात दिसले.



मॅमोग्राफीत रव्यासारखे चुन्याचे कण दिसले की सुईने घेतलेला तुकडा फॉर्मेलिनमधून मेणाच्या ब्लॉकमध्ये जातो. गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर पेशींचा आकार कळतो, गुणसूत्रे नाहीत. आक्रमक गाठीतील हर-२ प्रथिनाचा अहवाल ‘२+’ असा संदिग्ध आला, तर ‘फिश’ (जनुकाला चमकती खूण लावणारी तपासणी) करून केंद्रकातले हर-२ चे ठिपके मोजतात. गंमत अशी की हर-२ वाढलेले असण्याचे प्रमाण तीव्र प्रतीच्या डीसीआयएसमध्ये आक्रमक गाठींहून जास्त असते, आणि निव्वळ डीसीआयएसमध्येच ही तपासणी सहसा करत नाहीत.