रोटेशनने पडलेला भाव आणि रिप्रिंटने पडलेला भाव

'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या पोरांकडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आज ते लिहूनच खोडतो: "कमांडरमध्ये रोटेशन नाही, म्हणजे कमांडरच्या कार्डाचा भाव पडत नाही." पडतो. कारण तेवढं वेगळं असतं, आणि ते न कळल्यानेच पैसे जातात.

कमांडर आणि स्टँडर्ड हे या खेळाचे दोन प्रकार, म्हणजे फॉरमॅट. कमांडर तुम्ही खेळताच. 100 कार्डांचा डेक म्हणजे गड्डी, बेसिक लँड (मॅना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ताकद, देणारी साधी कार्डं) सोडून प्रत्येक कार्ड एकदाच, बहुतेकदा चौघांचं टेबल. स्टँडर्डमध्ये किमान 60 कार्डं, एकाच्या चार प्रतींपर्यंत, आणि जुने संच ठरलेल्या वेळी बाद; यालाच रोटेशन म्हणतात. यावर आणखी शब्द घालवत नाही.

लातूरच्या आडतीत तुरीचा भाव दोन तऱ्हांनी पडतो: उठाव नसला तर, किंवा आवक वाढली तर. पट्टीवर दोन्ही वेळा आकडा कमीच दिसतो, पण शेतकरी त्यात गल्लत करत नाही. कार्डांचंही तसंच आहे. रोटेशनमध्ये उठाव जातो, रिप्रिंटमध्ये, म्हणजे कार्ड पुन्हा छापल्यावर, आवक येते.

'तेफेरी, हीरो ऑफ डोमिनारिया' घ्या. 2018 चं कार्ड, स्टँडर्डमध्ये चांगलंच महाग. 2019 च्या ऑक्टोबरात ते स्टँडर्डमधून गेलं. बाजारातल्या प्रती तेवढ्याच होत्या, स्टँडर्डसाठी चार-चार प्रती घेणारे मात्र उरले नाहीत. कमांडरने ती जागा भरली नाही, कारण एकासमोर सांभाळता येणारा प्लेन्सवॉकर (तेफेरीसारखं, विरोधकांना ज्यावर हल्ला करता येतो असं कार्ड) तिघांसमोर टिकवणं अवघड जातं. म्हणून स्टँडर्डचं कार्ड घेताना तारीख आधी बघायची. ती आधीच जाहीर असते, त्यामुळे रोटेशनच्या आदल्या महिन्यात विकायला काढणाऱ्याची मला दया येत नाही.

आता 'सोल रिंग'. कमांडरमध्ये याच्याइतकं सगळीकडे दिसणारं कार्ड सापडणं कठीण. उठाव म्हणाल तर तुफान, तरी ते स्वस्त आहे. 2011 पासून जवळपास प्रत्येक तयार कमांडर डेकमध्ये कंपनी ते घालत आली आहे. आवक इतकी, की भाव चढायला जागाच नाही. याउलट 'गायाज क्रेडल' हे 1998 चं कार्ड रिझर्व्ह्ड लिस्टवर आहे. 1996 पासूनच्या त्या यादीतली कार्डं पुन्हा छापणार नाही, असा कंपनीचा शब्द आहे. आवक बंद, म्हणून भाव टिकून. दोन्ही कार्डांना रोटेशनचं भय नाही. फरक केला तो छपाईने. कमांडरसाठी महागडं कार्ड घेताना "हे पुन्हा छापतील का?" एवढा एकच प्रश्न मी विचारतो. छापण्यासारखं वाटलं तर थांबतो.

दुर्मीळतेचं चिन्ह, फॉइल म्हणजे चकचकीत छपाई, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला ते दुय्यम वाटतं. कोणी खेळतच नसेल तर मिथिक, म्हणजे सर्वांत दुर्मीळ दर्जाचं कार्डही कवडीमोल होतं.

बंदी मात्र गारपिटीसारखी येते. 23 सप्टेंबर 2024 ला कमांडरमध्ये 'मॅना क्रिप्ट', 'ज्वेल्ड लोटस' आणि 'डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट' यांच्यावर बंदी आली. 'ज्वेल्ड लोटस'चा मॅना फक्त कमांडर, म्हणजे डेकचं म्होरक्या कार्ड, खेळवायलाच वापरता येतो, म्हणजे दुसरा फॉरमॅट त्याला आधार देऊच शकत नव्हता. उठाव एका दिवसात गेला. त्या आठवड्यात परभणीहून एका पोराने मला फोन करून विचारलं, "दादा, कमांडरला पण रोटेशन सुरू झालं का?"