कोल ई१ प्लास्मिड आणि आवर घालणारा आरएनए

इ. कोलाय या जिवाणूचा एक वाण दुसऱ्या वाणाला मारणारे द्रव्य सोडतो, हे बेल्जियममध्ये आंद्रे ग्राशिया यांनी १९२५ मध्ये नोंदवले. पुढे या प्रकारच्या द्रव्यांना कोलिसिन म्हणू लागले आणि त्यांची जनुके मुख्य गुणसूत्रावर नसून वेगळ्या डीएनए-कड्यांवर असतात, हे यथावकाश उलगडले. अशा गुणसूत्राबाहेरील आनुवंशिक घटकांसाठी ‘प्लास्मिड’ हा शब्द जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये सुचवला होता. कोल ई१ हे त्यांपैकीच एक, जेमतेम ६,६४६ बेसजोड्यांचे (म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचे).

पेशीत या एवढ्याशा कड्याच्या साधारण पंधरा-वीस प्रती असतात, आणि पिढ्या उलटल्या तरी हा आकडा फारसा ढळत नाही. प्रती बेसुमार वाढल्या तर यजमान पेशीवर भार पडतो. फार घटल्या तर विभाजनात एखादी पेशी प्लास्मिडविना राहते. मग ही मोजदाद ठेवते कोण? १९६३ मध्ये जाकोब, ब्रेनर आणि क्यूझँ यांनी मांडलेल्या रेप्लिकॉनच्या, म्हणजे स्वतःची नक्कल होणाऱ्या डीएनए-एककाच्या, कल्पनेत द्विगुणन (डीएनएची नक्कल होणे) सुरू करून देणारा घटक कल्पिलेला होता. उलट १९६९ मध्ये प्रिचर्ड, बार्थ आणि कॉलिन्स यांनी द्विगुणन रोखणारा घटक पेशी वाढताना विरळ होत जातो, असे सुचवले.

कोल ई१ने पहिल्या कल्पनेला थोडा चकवाच दिला. क्लोराम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घालून पेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडली, तर गुणसूत्राचे नवे द्विगुणन सुरू होत नाही. या प्लास्मिडचे मात्र चालूच राहते आणि प्रती हजाराच्या घरात जातात. म्हणजे त्याला स्वतःचे आरंभक प्रथिन लागतच नाही. यजमानाचे डीएनए पॉलिमरेज-१ हे विकर काम भागवते.

उलगडा झाला तो अमेरिकेत, बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत. जुन-इची तोमिझावा आणि तातेओ इतोह यांनी १९८० मध्ये दाखवले, की द्विगुणनाच्या आरंभस्थानाच्या ५५५ न्यूक्लिओटाइड (डीएनए-आरएनएची एकेक अक्षरे) अलीकडून ‘आरएनए-२’ लिहिला जाऊ लागतो, आरंभस्थानाजवळ तो डीएनएला चिकटून राहतो, आरएनेज एच विकर त्याला तिथे कापते आणि त्या टोकापासून नवा डीएनए विणला जातो. पुढच्याच वर्षी लगाम सापडला: त्याच पट्ट्यातून उलट दिशेने लिहिला जाणारा, अवघ्या १०८ न्यूक्लिओटाइडचा ‘आरएनए-१’. हा आरएनए-२शी जुळला, की आरएनए-२ची घडी बदलते, तो डीएनएला चिकटत नाही आणि द्विगुणनाची ती संधी हुकते. आरएनए-१ काही मिनिटांतच नष्ट होत असल्याने पेशीतले त्याचे प्रमाण प्लास्मिडच्या प्रतींबरोबर वरखाली होते. प्रती वाढल्या की लगाम आवळतो, घटल्या की सैल पडतो. रोखणारा घटक निघाला खरा, पण तो प्रथिन नव्हता. त्या काळी हेच अनपेक्षित होते. त्याच १९८१ मध्ये आर१ या प्लास्मिडमध्येही असाच उलट दिशेने लिहिला जाणारा (अँटिसेन्स) आरएनए आढळला.

रॉप नावाचे ६३ अमिनो आम्लांचे प्रथिन या दोन आरएनएंची जोडी जमवायला मदत करते. प्रयोगशाळांत जनुके पेशीत नेण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या, याच पद्धतीने द्विगुणित होणाऱ्या पीयूसी वाहक-प्लास्मिडांतून रॉपचे जनुक गळले आहे, शिवाय आरएनए-२मध्ये एक अक्षर बदललेले आहे. म्हणून ३७ अंश सेल्सिअसला त्यांच्या प्रती शेकड्यांनी होतात, आणि तापमान ३० अंशांवर आणले की घटतात.

कोलिसिनच्या जनुकाचा कारभार मात्र निराळा आहे. एरवी ते यजमानाच्या लेक्सए प्रथिनाने दाबलेले असते. डीएनएला इजा झाली की ते उघडते, आणि कोलिसिन बाहेर सोडताना ती पेशी स्वतःही मरते.