हँडल की स्टेअरिंग? क्वाड बाइक आणि बग्गी यांतला फरक

दिवाळीनंतर आम्ही नऊ जण जळगावहून कोकणात गेलो होतो. मेहुण्याने निघण्याआधीच फोनवर "बग्गी राइड" ठरवून टाकली होती. आपल्याकडे बग्गी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती वरातीतली, नवरदेवाला मिरवणारी. आईच्याही मनात तेच होतं. बसायला मऊ बैठक, धरायला दांडा, टेकायला पाठ. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी ती हौसेने तयार झाली. किनाऱ्यालगतच्या माळावर पोहोचलो तर समोर चार फुगीर चाकं, मोटारसायकलसारखं हँडल आणि टांग टाकून बसायची सीट. मामांनी त्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हाऊ ते घोडा शे भो! बग्गी कोठे शे?"

तिथला माणूस म्हणाला, एकच असतं हो ते. आई दीड तास बाकड्यावर बसून राहिली.

ते एकच नसतं. मामांनी एका वाक्यात जे ओळखलं, तेच या दोन वाहनांचं खरं वर्म आहे. टांग टाकून बसायची ती क्वाड बाइक, जिला एटीव्ही म्हणतात. शेजारी शेजारी बसून, पट्टा बांधून, स्टेअरिंगने चालवायची ती बग्गी. तिला साइड बाय साइड किंवा यूटीव्ही असंही म्हणतात. फलकावर आणि फोनवर ही सगळी नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात, म्हणून नावावर जाऊच नये. हँडल आहे की स्टेअरिंग, एवढं एकच विचारावं. त्या एका उत्तरावर कोण बसू शकेल, कोण पडेल आणि पडलं तर काय होईल, हे सगळं ठरतं.

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीच्या दिवसांत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घोडा फिरवून दाखवणारा स्वार बघा. लगाम हातात असतो खरा, पण घोडा वळतो तो त्याच्या मांड्यांच्या दाबाने आणि कमरेच्या कलाने. क्वाडचं अगदी तसंच आहे. यंत्राचं वजन साधारण अडीचशे-तीनशे किलो आणि वर बसणारा साठ-सत्तर किलोचा. म्हणजे एकूण भाराचा मोठा वाटा तुम्ही स्वतः असता आणि तो भार सरकता असतो. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरायचं, वळणावर आतल्या बाजूला कलायचं. हे केलं नाही तर क्वाड तुमचं ऐकत नाही. त्याला यांत्रिक कारणही आहे. पुष्कळ क्वाडच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच सलग कणा असतो, म्हणून दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरतात. वळताना खरं तर आतल्या चाकाने कमी फिरायला हवं. ते जमत नाही, त्यामुळे हँडल वळवूनही गाडी सरळच रेटत राहते. आतल्या बाजूला झुकून बाहेरच्या पायठाणावर भार दिला की ती निमूट वळते.

याउलट बग्गी म्हणजे दमणी, माणसं बसवून न्यायची बैलगाडी. हाकणारा हाकतो, बाकीचे बसतात. बग्गीचं वजन पाचशे-सातशे किलो किंवा त्याहून जास्त असतं. आत बसलेल्याने इकडे तिकडे झुकून तिच्या चालीत फारसा फरक पडत नाही. शिवाय पट्टा बांधलेला असतो, त्यामुळे झुकताही येत नाही.

आपल्याकडच्या मोटारसायकलवाल्यांना मला इथे मुद्दाम थांबवायचंय, कारण क्वाडवर सगळ्यात जास्त फसतात ते हेच. वीस-वीस वर्षं बाइक चालवलेली असते, हँडल ओळखीचं दिसतं आणि हात आपोआप जुन्या सवयीने चालतात. बाइक वळणावर स्वतः कलते आणि आपण तिच्याबरोबर कलतो. क्वाड कलत नाही, चारही चाकांवर ताठ उभी राहते, कलायचं फक्त आपण. दुसरं म्हणजे ॲक्सिलरेटर मुठीत पिळायचा नसतो, तो उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. खड्डा आला, माणूस घाबरला की मूठ घट्ट आवळली जाते आणि तिच्याबरोबर अंगठाही दाबला जातो. थांबायचं असतं तेव्हाच गाडी उसळते. तिसरी सवय सर्वांत घातक. तोल गेल्यासारखं वाटलं की बाइकवाला पाय जमिनीला टेकवतो. क्वाडवर पाय खाली सोडला तर मागचं चाक त्यावर चढतं. आमच्या मेहुण्याचा बूट असाच चाकाखाली गेला. पाय वाचला तो केवळ वेग कमी होता म्हणून. पाय पायठाणावरच ठेवायचे, काहीही झालं तरी.

आणि डबलसीट. हा विषय निघाला की मला राहवत नाही. बहुतेक क्वाड एकट्या माणसासाठी बनवलेल्या असतात. सीट लांब दिसते ती चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून, दुसऱ्याने बसावं म्हणून नव्हे. ट्रॉलीत केळीचे घड जास्त भरले आणि चढ आला की ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं, हे रावेर-यावलकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. क्वाडवर मागे माणूस बसवला की तेच होतं. भार मागच्या कण्याच्याही मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर गाडी उलटी मागे येऊ शकते. तीही बसलेल्यांच्या अंगावर. दोघांसाठी मुद्दाम लांब केलेली मॉडेलं असतात, पण ती तशी आहेत हे विचारून, त्यावरची सूचनापट्टी वाचून मगच बसावं. लहान लेकराला पुढ्यात घेऊन फोटो काढणारे आईबाप मी पाहिले. त्यांना जाऊन सांगितलं, आणि सांगायला संकोच केला नाही याचं मला समाधान आहे.

मुलांचंही इथेच बघू. मोठ्यांची क्वाड, म्हणजे ९० सीसीच्या वरची, सोळा वर्षांखालच्या मुलाने चालवू नये, अशी अमेरिकेतल्या उत्पादकांची आणि सुरक्षा यंत्रणांची जुनी शिफारस आहे. बग्गीत मूल प्रवासी म्हणून बसू शकतं, पण वयापेक्षा त्याची उंची महत्त्वाची. पाठ पूर्ण मागे टेकलेली असताना पाय तळाला सपाट टेकले पाहिजेत, हात पुढच्या दांड्यापर्यंत पोहोचला पाहिजे आणि पट्टा खांद्यावरून नीट गेला पाहिजे. यातलं एक जरी जमत नसेल तर त्या मुलासाठी ती बग्गी नाही.

दोन्ही वाहनांचं मूळही वेगळं. १९७० साली होंडाने अमेरिकेत फुगीर टायरांची तीनचाकी आणली. ती इतकी उलटायची की १९८८ च्या न्यायालयीन करारानंतर तिथे नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. तोवर १९८२ मध्ये सुझुकीची चारचाकी क्वाड आलेली होती, तिचीच ही वंशावळ. बग्गी मात्र मोटारीच्या घराण्यातली. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स यांनी फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रावर फायबरग्लासची हलकी बॉडी चढवली आणि समुद्रकाठच्या वाळूत पळणारी मायर्स मँक्स तयार झाली. आज सहलीत मिळणारी बग्गी थेट तिची लेक नाही. शेतावरच्या कामाच्या साइड बाय साइड गाड्यांमधून ती पुढे आली. लोखंडी पाइपांचा सांगाडा तिचा स्वतःचा, पण वाळूची हौस दोघींची सारखीच.

तो सांगाडा म्हणजे शोभा नव्हे. क्वाड उलटते तेव्हा वाचण्याचा मार्ग एकच, तिच्यापासून दूर फेकलं जाणं. म्हणून तिच्यावर पट्टा नसतो आणि हेल्मेटशिवाय बसणं म्हणजे जिवाशी खेळ. ऑस्ट्रेलियात शेतावर क्वाडखाली दबून इतकी माणसं गेली की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे कामाच्या प्रत्येक नव्या क्वाडला मागे संरक्षक कमान सक्तीची झाली. बग्गीत सगळं उलटं. तिथे वाचायचं ते सांगाड्याच्या आत राहून. पट्टा घट्ट हवा आणि हात आत हवेत. गाडी कलायला लागली की माणूस नकळत हात बाहेर काढून जमीन अडवायला बघतो, आणि तोच हात पाइप आणि जमीन यांच्यामध्ये सापडतो. म्हणून दाराची जाळी लावलेली असेल तर ती उकडतंय म्हणून उघडू नका.

बग्गीचा स्वतःचा एक धोका आहे. ती सोपी वाटते. स्टेअरिंग, दोन पेडल, गिअर टाकायची गरज नाही, त्यामुळे मोटार चालवणारा पाच मिनिटांत निर्धास्त होतो. यामाहाची रायनो नावाची साइड बाय साइड बरीच खपली होती. पण ती उलटून झालेल्या अपघातांमुळे २००९ मध्ये अमेरिकेत तिची विक्री थांबवून, मागच्या चाकांमधलं अंतर वाढवणारी आणि सस्पेन्शनमध्ये बदल करणारी मोफत दुरुस्ती द्यावी लागली. सपाट जागेवर जोरात घेतलेलं वळण बग्गीलाही झेपत नाही. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात नाही.

सोबतच्या गाइडचं कामही दोन्हीकडे वेगळं असतं आणि हे फार कुणी सांगत नाही. क्वाडच्या सहलीत गाइड पुढे आणि आपण एका रांगेत मागे. तो मागे वळून बघेपर्यंत आपल्या हातून जे व्हायचं ते झालेलं असतं, तो आपल्या हँडलला हात घालू शकत नाही. त्यामुळे सुरुवातीला सपाट जागेवर आठ आकड्यात फिरवून घेतो तो गाइड चांगला. थेट वाटेवर काढतो त्याच्यापासून सावध राहा. बग्गीत मात्र गाइड शेजारी बसू शकतो, किंवा तोच चालवतो आणि आपण शेजारी बसतो. घरातल्या वयस्कर माणसाला ही हौस करायची असेल तर दार इथून उघडतं. बग्गीचं भाडं साधारणपणे जास्त असतं, पण ते दोघा-चौघांत वाटलं जातं.

वाळूचं शास्त्र दोन्हीला सारखंच. मोटारीच्या टायरात ३० ते ३५ पीएसआय हवा असते, क्वाडच्या टायरात साधारण ४ ते ७. हवा कमी म्हणून टायर पसरतो आणि उंटाच्या पायासारखा वाळूवर तरंगतो. गिरणेच्या पात्रात रुतलेला ट्रॅक्टर काढताना जे शिकलो ते इथेही लागू पडतं. चाक फिरत राहिलं पण गाडी हलेना, की रेस द्यायची नाही. आणखी खोल जाते. कोरड्या वाळूत ब्रेक दाबून थांबू नये, चाकांपुढे वाळूचा ढिगारा साचतो. रेस सोडून तिची ती थांबू द्यावी. उतार सरळ चढावा, सरळ उतरावा, आडवा कापू नये. पुढच्या गाडीच्या धुळीत शिरू नये.

आता ज्या जागेवर ही चाकं फिरतात तिच्याविषयी. गोव्यात पुळणीवर वाहन घालायला बंदी आहे आणि दंड होतो. केरळात मुझप्पिलंगाडसारखा मोटारी चालवायला मोकळा ठेवलेला किनारा हा अपवाद. कोकणात ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालायला येतात, म्हणजे नेमक्या आपल्या सहलींच्या दिवसांत. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, हात-दीड हात खोल. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी ही घरटी जपली आहेत. वरून चाक गेलं की वाळू दाबली जाते. चाकाच्या चाकोरीत पडलेलं बोटाएवढं पिल्लू तिथेच अडकतं, समुद्रापर्यंत पोहोचत नाही. म्हणून सहल ठरवताना वाट कुठून जाते ते विचारतोच मी. माळावरचा, वाडीतला मातीचा आखलेला ट्रॅक असेल तर हो. "एकदम पाण्याच्या कडेने नेतो साहेब" असं उत्तर आलं तर नाही.

कपड्यांचं थोडक्यात. ओढणी आणि पदर क्वाडवर नकोच, चाकात गुंतला तर गळ्याला फास बसतो. बग्गीत पदर खोचून वर जॅकेट चालतं. चप्पल दोन्हीकडे नको. गॉगल दोन्हीकडे हवा.

जानेवारीत भुसावळहून गोवा एक्स्प्रेसने परत समुद्राकडे निघायच्या आधी मी तीन ठिकाणी फोन केले. पहिल्याने एकच असतं ते, असं सांगितलं. दुसऱ्याने हँडलवालीच आहे पण आजीला मागे बसवू म्हणाला. तिसऱ्याने माझा प्रश्न ऐकून घेतला आणि उलट मलाच विचारलं, "आईंचं वय काय? गुडघा किती वाकतो? कंबरदुखी, बीपी काही आहे का?" मग म्हणाला, पाय ठेवायला पायरी असलेली बग्गी आहे, चालवीन मी, वेग त्या सांगतील तो. तिथेच पैसे पाठवले.