थोरला रे मिस्टेरिओ आणि धाकटा रे मिस्टेरिओ

डिसेंबर २०२४ मध्ये मुखवटेवाला कुस्तीगीर रे मिस्टेरिओ गेल्याची बातमी आली, तेव्हा लहानपणी गादीवर '६१९' हा डाव मारायला शिकलेले आमच्यासारखे कितीतरी जण हादरले. गेला होता तो थोरला रे मिस्टेरिओ, मिगेल आन्हेल लोपेस दियास, वय ६६. आपण टीव्हीवर पाहिला तो धाकटा, ऑस्कर गुतिएरेस. थोरला त्याच्याच घरातला, आधीच्या पिढीचा.

ही गल्लत व्हायला आपली लिपीही थोडी कारणीभूत आहे. थोरल्याच्या आडनावात 'आय' आहे, स्पॅनिशमध्ये 'गूढ' हा शब्द लिहितात तसा. धाकट्याच्या नावात त्या जागी 'वाय' येतो. देवनागरीत दोघेही सारखेच. पूर्वी धाकट्यामागे 'ज्युनियर' लागायचं, त्यामुळे निभावून जायचं. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीत गेल्यावर तेही गळलं.

थोरला मेक्सिकोतल्या तिहुआनाचा. तिथल्या लुचा लिब्रेत, म्हणजे मेक्सिकन कुस्तीत, तो लढला, पण माझ्या मते त्याचं खरं मोठेपण वस्ताद म्हणून आहे. कोनान, सिकोसिस, हॅलोवीन हे कुस्तीगीर सगळे त्याच्या हाताखाली घडले. धाकटाही तिथलाच चेला. त्याचा जन्म १९७४ चा, सीमेपलीकडे अमेरिकेतल्या चुला व्हिस्टाचा. डावाच्या नावातला ६१९ हा त्या सॅन दिएगो भागाचा टेलिफोन कोड. चौदाव्या वर्षी, १९८९ मध्ये तो रिंगणात उतरला, पण मिस्टेरिओ म्हणून नाही. काही काळ तो 'कोलिब्री', म्हणजे हमिंगबर्ड, या नावाने लढला. घराण्याचं नाव थोरल्याने त्याला नंतर दिलं.

जुन्या नोंदी चाळणारे हमखास फसतात ते डब्ल्यूसीडब्ल्यूपाशी. या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या १९९० च्या स्टारकेड कार्यक्रमात रे मिस्टेरिओ हे नाव सापडतं. तो थोरला. मेक्सिकोच्या बाजूने कोनानसोबत जोडीच्या स्पर्धेत उतरलेला. धाकट्याला तेव्हा नुकतीच सोळा वर्षं पूर्ण झाली होती. मेक्सिकोत एएए, मग १९९५ मध्ये अमेरिकेत ईसीडब्ल्यू, अशा कुस्ती कंपन्या करत तो डब्ल्यूसीडब्ल्यूत पोचला १९९६ मध्ये, आणि पहिल्याच वर्षी क्रूझरवेटचा, म्हणजे हलक्या वजनगटाचा, पट्टा जिंकला.

मुखवट्याची गोष्ट पूर्णपणे धाकट्याची. २६ ऑक्टोबर १९९७ ला लास व्हेगासमध्ये एडी गरेरोचा पट्टा आणि धाकट्याचा मुखवटा पणाला लागले. जांभळ्या पोशाखातला तो पोरगा जिंकला. ती लढत मी आजही कुणालाही आधी दाखवतो. पण २१ फेब्रुवारी १९९९ ला केविन नॅश आणि स्कॉट हॉल या जोडीकडून तो आणि कोनान हरले आणि मुखवटा उतरला. निकाल आधी ठरलेले असतात हे खरं, पण लुचा लिब्रेत मुखवटा गेला की गेला. वर्षानुवर्षांचं वैर रंगवून मगच तो उतरवायचा, अशी रीत. इथे तो एका साध्या जोडीच्या लढतीत उधळला गेला, तेही त्याच्या इच्छेविरुद्ध. मला ते अजून सलतं.

२००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू विकली गेली. २००२ च्या जुलैत तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्मॅकडाउनमध्ये आला तो मुखवटा घालूनच. मेक्सिकन परंपरेत हे बसत नाही, पण आपल्याकडच्या मुलांनी त्याला पाहिला तो याच रूपात. पुढे २००६ मध्ये रॉयल रंबल ही अनेकांची लढत जिंकून, तासाभराहून जास्त टिकून, त्याने रेसलमेनिया २२ या कार्यक्रमात जगज्जेतेपदाचा पट्टा घेतला.

आणखी दोन नावं ध्यानात ठेवावीत. डॉमिनिक हा धाकट्याचा मुलगा. 'एल इहो दे रे मिस्टेरिओ', म्हणजे 'रे मिस्टेरिओचा मुलगा', हा मात्र थोरल्याचा.

३१ मार्च २०२३ ला धाकट्याला डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्याची ओळख करून द्यायला मंचावर उभा होता कोनान: थोरल्याचा चेला, १९९० मधला त्याचा जोडीदार, आणि मुखवटा गेला त्या रात्री धाकट्याच्या बाजूने लढलेला.