पेनड्राइव्हने घेतलेली सोंगं

नागपुरात बर्डीवरच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात "भाऊ, विंडोज टाकून द्या ना" म्हटलं की काउंटरमागचा पोरगा किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवतो. डीव्हीडीचं नाव कुणी काढत नाही. ती घालायला लॅपटॉपला जागाच नसते. पण पेनड्राइव्ह आला आणि डिस्क गेली, इतकं हे सरळ घडलं नाही. खरी अडचण होती संगणकाला त्याची ओळख पटण्याची.

संगणक सुरू होतो तेव्हा रॅम कोरी असते. मदरबोर्डवरचा बायोस, म्हणजे सगळ्यांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम, डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचतो आणि सूत्रं त्याच्या हाती देतो. १९८१ साली आयबीएम पीसी आला तेव्हा बायोसला फ्लॉपी ठाऊक होती. सीडी त्याच्या गावीही नव्हती. म्हणून विंडोज ९५ची सीडी घेतली तरी आधी संगणक सुरू करून देणारी बूट फ्लॉपी शोधावी लागे. (फ्लॉपीवरचं विंडोज ९५ घेतलं तर १३ फ्लॉप्या! त्यातली बारावी खराब निघाली की संपलं.)

जानेवारी १९९५मध्ये बायोस बनवणारी फिनिक्स कंपनी आणि आयबीएमने यावर मोठी गमतीदार तोड काढली. सीडीवर फ्लॉपीची हुबेहूब प्रत ठेवायची आणि बायोसला भासवायचं, की ही फ्लॉपीच आहे. या प्रमाणाचं नाव 'एल टोरिटो'. कॅलिफोर्नियातल्या ज्या हॉटेलात ही कल्पना सुचली त्याचंच हे नाव, असं सांगतात. म्हणजे डिस्कही मुळात बहुरूपीच.

२०००च्या अखेरीस आयबीएमने विकायला काढलेला पेनड्राइव्ह ८ एमबीचा होता. त्यात विंडोज कुठून मावणार? जागा वाढत गेली तरी बायोस त्याला सरळ ओळखेना. सेटिंगमध्ये 'यूएसबी-एफडीडी', 'यूएसबी-झिप', 'यूएसबी-एचडीडी' असे पर्याय दिसत, म्हणजे फ्लॉपीचं सोंग, झिप डिस्कचं की हार्ड डिस्कचं. कुठलं सोंग चालेल, ते मदरबोर्डगणिक वेगळं.

याच काळात उबुंटूच्या सीड्या पोस्टाने फुकट घरपोच यायच्या. २००५ ते २०११ ही सोय होती. धरमपेठेत आमच्याकडेही एक पाकीट आलं होतं. पुढे मित्राने आसुसचा ईईई पीसी घेतला, आणि ती सीडी हातात धरून आम्ही दोघं खाच शोधत बसलो. २००७च्या या सात इंची लॅपटॉपला डिस्क ड्राइव्हच नव्हता. २००८च्या मॅकबुक एअरलाही नव्हता. त्याला दुसऱ्या संगणकाचा ड्राइव्ह वायफायवरून उसना घेता येई.

२००९मध्ये विंडोज ७ आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्ह बूटेबल करण्याचं साधन स्वतःच दिलं. त्यात जीपीएल परवान्याचा (वापरा, पण कोड खुला ठेवा, अशा अटीचा) कोड अटी न पाळता वापरल्याचं उघड झालं आणि ते मागे घ्यावं लागलं. मग कोड खुला करून पुन्हा आणलं. याच कामाचं दुसरं साधन 'रुफस' २०११चं.

सोंगाची गरज संपवली ती बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयने. ते पहिला तुकडा वाचत बसत नाही. फॅट३२ या पद्धतीने मांडलेला विभाग उघडून त्यातली ठरलेली फाइल थेट चालवतं. मात्र फॅट३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, आणि विंडोजची 'इन्स्टॉल' फाइल कित्येकदा त्याहून मोठी असते. बर्डीवरचा पोरगा हल्ली याच जागी अडतो. मग तो रुफस उघडतो: मोठ्या फाइली ही मर्यादा नसलेल्या एनटीएफएस विभागात, आणि तिथवर पोचवायला शेजारी एक चिमुकला फॅट विभाग.