‘रस्त्यावरचे डोळे’ आणि ‘डिफेन्सिबल स्पेस’: वस्तीच्या सुरक्षिततेचे दोन निराळे विचार

वस्तीची रचना आणि गुन्हे यांचा संबंध सांगताना अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्स आणि वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन ही नावे बहुधा जोडीनेच घेतली जातात. दोघांचाही भरवसा पोलिसांच्या गस्तीपेक्षा रहिवाशांच्या नजरेवर अधिक होता, हे खरे; परंतु अनोळखी माणसाविषयी त्यांची मते जवळजवळ परस्परविरोधी आहेत आणि नगररचनेचे खरे निर्णय नेमके याच मुद्द्यावर अडतात.

जेकब्स न्यूयॉर्कमध्ये हडसन स्ट्रीटवर राहत. खाली दुकाने, वर घरे, रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या आणि दिवसभर निरनिराळ्या कामांसाठी येणारी माणसे असली की पदपथ सुरक्षित राहतो, असे त्यांनी १९६१ मध्ये मांडले; लोकांच्या या नजरेलाच त्या ‘रस्त्यावरचे डोळे’ म्हणत. रस्त्यावर बघण्यासारखे काही असेल तरच लोक बघत राहतात, म्हणून परका वाटसरूही त्यांच्या लेखी राखणदारीत सामील असतो.

न्यूमन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या ‘डिफेन्सिबल स्पेस’च्या, म्हणजे रहिवाशांना स्वतः राखता येईल अशा जागेच्या, विचारात भर वर्दळीवर नसून मालकीच्या भावनेवर आहे. सेंट लुइसमधील प्रुइट-आयगो या ३३ इमारतींच्या, अकरा मजली सरकारी वसाहतीत त्यांना असे आढळले की, दोनच कुटुंबांच्या वापरातील जिन्यापुढची जागा स्वच्छ असे, तर वीस कुटुंबांच्या सामाईक मार्गिकेची पार दैना झालेली असे. माणसे तीच, गरिबीही तीच. पुढे ब्रुकलिनमधील समोरासमोरच्या दोन वसाहतींची त्यांनी तुलना केली. लोकवस्तीची दाटी जवळपास सारखी असूनही व्हॅन डाइकच्या उंच इमारतींत ब्राउन्सव्हिलच्या तीन ते सहा मजली घरांपेक्षा गुन्हे बरेच अधिक होते. एका दारातून मोजकीच कुटुंबे ये-जा करत असतील तर आपला कोण आणि परका कोण हे कळते, शंभराहून अधिक कुटुंबांच्या सामाईक प्रवेशद्वारात ते कळत नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. अर्थात, केवळ दोन वसाहतींच्या तुलनेवरून उंचीलाच दोषी धरणे घाईचे होईल, आणि टीकाकारांनी ही मर्यादा दाखवली ती योग्यच आहे.

ओहायोतील डेटन शहराच्या फाइव्ह ओक्स भागात १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूमन यांच्या सल्ल्याने अनेक रस्ते फाटके लावून बंद केले गेले. त्यानंतर तेथील गुन्हे आणि आरपार जाणारी वाहतूक दोन्ही घटल्याची नोंद आहे. मात्र तो निवासी भाग होता आणि त्रास मुख्यतः बाहेरून मोटारीने येणाऱ्यांचा होता. दुकानांनी गजबजलेल्या रस्त्यावर तेच फाटक बसवले, तर जेकब्स यांनी ज्यांच्यावर भिस्त ठेवली ती पायी येणारी माणसेच तेथून नाहीशी होतील.